गाभा काढून

फितींच्या गुंडाळीचा गाभा आधी काढून टाकायचा असतो,
हे मला मित्सुएनं शिकवलं.
पुठ्ठ्याची ती नळी कुणाच्या कपाळावर बसली
तर खरंच लागते.
काल रात्री तिच्या स्वयंपाकघरात
आम्ही वीस गुंडाळ्या सोडवल्या, सैलसर पुन्हा वळल्या.
सगळ्या पिवळ्या. पिवळा हारुनाचा रंग.
आणि त्या दुसरीचा? मी विचारलं.
तिच्यासाठी कुणी फेकत नाही.

साकाता नगरपालिकेची व्यायामशाळा.
बाहेर मार्चमधला शिळा बर्फ, काळा पडलेला,
गाड्यांच्या मागे लोटलेला.
दाराशी बूट काढायचे, पिशवीत घालायचे,
पिशवी मांडीवर.
मोज्यांतल्या पायांनी शे-दीडशे माणसं
मारामारी बघायला बसलेली:
मासळी बाजारातले दोघे, आमचा दंतवैद्य,
कुणाची तरी आजी, डब्यात भाताचे गोळे घेऊन.
बास्केटबॉलची जाळी वर दुमडून बांधलेली.

मित्सुए दिवसभर फोनवर माफी मागते.
आमची कंपनी पाणी तापवायचे बंब करते.
बंब बिघडला की माणसं तिला गाठतात.
एकोणीस वर्षं.
बोलता बोलता ती कमरेतून वाकते,
पलीकडच्याला दिसत नाही, तरी वाकते.
मी शेजारच्या टेबलावर असते, म्हणून मला पाठ आहेत
तिच्या ‘क्षमा असावी’चे सहा प्रकार.

आणि आता हीच बाई
ओठांशी हाताचा कर्णा करून
‘टाच धर तिची! अगं, टाच!
पंच, डोळे घरी ठेवून आलास का?’
मी आजूबाजूला बघितलं.
कुणालाच नवल नव्हतं.
आजीचा तर शब्द आणखी खालचा होता.

काळी शेवंती.
ओठ काळे, खांदे गोदीतल्या हमालासारखे,
हातात बांबूची काठी.
हारुनाला केसांनी धरून तिनं उचललं
आणि फळ्यांवर टाकलं.
तो आवाज कानात नंतर येतो,
आधी खुर्चीच्या पायांतून येतो.

ठरलेलं असतं सगळं, मला माहीत होतं.
कोण चीत होणार, कितव्या मिनिटाला.
पण हारुनाच्या पाठीवर उठलेला वळ
ठरवून उठवला म्हणून
कमी लाल नव्हता.

मग त्या दोघी दोरांखालून बाहेर आल्या,
आमच्याच बाजूला.
ट्रॅकसूटमधली पोरं ओरडली, उठा, उठा,
खुर्च्या घसरल्या, आम्ही बुटांच्या पिशव्या
तान्ह्या पोरासारख्या छातीशी धरल्या.
हारुनानं ढकललं, आणि शेवंती,
ती एवढी शेवंती,
मित्सुएच्या पायांवर कोसळली.

तोंडावर केस आलेले. कुणाला दिसत नव्हतं.
मी अगदी जवळ होते म्हणून ऐकलं.
‘लागलं नाही ना? माफ करा हं.’
बारीक आवाज. शाळेतल्या मुलीसारखा.

मित्सुएचं तोंड उघडं होतं,
शिवीच्या तयारीत. तसंच राहिलं.
मग ती वाकली, सवयीनं.

शेवंती उठली. खुर्ची उचलली.
‘काय बघतेस, म्हातारे!’
सगळी व्यायामशाळा दणाणली,
आणि मित्सुए, चेहरा असा फुललेला
की मी तो कधी बघितलाच नव्हता,
तिच्या पाठीवर ओरडत राहिली,
घसा बसेपर्यंत.

हारुना हरली. मला वाईट वाटलं, पण थोडंच.
बाहेर पडताना टेबलामागे शेवंती
चष्मा लावून बनियनं विकत होती,
सुट्टे मोजत, ओठ अजून काळे.
मित्सुएनं तिच्याकडे बघितलं नाही.
तिचं म्हणणं, तसं बघू नये.

पिशवी फाटून डावा बूट कुठे गेला
ते शेवटपर्यंत सापडलं नाही.
ती बर्फातून मोज्यावरच गाडीपर्यंत आली.
बंदराजवळच्या लाल दिव्याला
बराच वेळ गप्प बसून म्हणाली,
‘सातवा प्रकार होता तो.’
मग वाकून ओल्या मोज्यावरून अंगठा दाबून बघितला.
‘खरंच लागलंय गं,’ म्हणाली,
आणि हसायला लागली.
दिवा हिरवा झाला तरी.